यंत्रमानव आणि 'ला' प्रत्यय : 'आतोमु'कथेच्या माध्यमांतरांचा विचार

मराठीतील सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी वाक्यात कर्माला 'ला' प्रत्यय लागतो की नाही, ह्यावर त्या वाक्याचा प्रयोग ठरतो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. 'मी दगड पाहिला' हा कर्मणी प्रयोग. 'मी मुलाला पाहिले' हा भावे. 'मी दगडाला पाहिले' हे वाक्य कानाला खटकते. मात्र त्याच दगडाला शेंदूर फासून त्याचा म्हसोबा केला, की 'मी म्हसोबाला पाहिले' असे आपण सहज म्हणून जातो. अर्थात, सचेतन कर्माला 'ला' लागतो व अचेतनाला लागत नाही, हा नियम स्थूल मानानेच खरा आहे. लग्नाच्या बोलणीत 'आम्ही कालच मुलगी पाहिली' असे वाक्य ऐकू येते. तेथे मुलगी सचेतन असूनही प्रत्यय गळतो, कारण त्या क्षणी ती व्यक्ती नसून स्थळ असते. (आमच्या व्याकरणाने आमच्या समाजाची केलेली ही नोंद पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही.) तात्पर्य, 'ला' हा केवळ प्राण्याचा प्रत्यय नव्हे. ज्याकडे आपण 'कोणी' म्हणून पाहतो त्याचा तो प्रत्यय आहे. ज्याकडे 'काही' म्हणून पाहतो त्याला तो लागत नाही.

मग यंत्रमानवाचे काय? 'मी यंत्रमानव पाहिला' आणि 'मी यंत्रमानवाला पाहिले' ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. पहिले एखाद्या प्रदर्शनातून परतलेल्या माणसाचे आहे. दुसरे म्हणणाऱ्याच्या बाबतीत मध्यंतरी काहीतरी घडलेले आहे. ते काय घडले, व ते घडवून आणण्याचे सामर्थ्य कोणत्या माध्यमाला किती आहे, ह्याचा विचार एका विख्यात जपानी चित्रकथेच्या आधारे येथे करावयाचा आहे. ती कथा म्हणजे ओसामु तेझुका (१९२८–१९८९) ह्यांची 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे 'पोलादी बाहूंचा आतोमु'. इंग्रजी जगात ती 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखली जाते.

कथेचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 'शोनेन' ह्या मुलांच्या मासिकात एप्रिल १९५१ पासून 'आतोमु ताइशी' म्हणजे 'राजदूत आतोमु' ही चित्रकथा प्रसिद्ध होऊ लागली. पृथ्वीवरील माणसांची हुबेहूब प्रतिरूपे असलेले लोक अंतराळातून येतात, दोन्ही समूहांत तेढ उत्पन्न होते आणि दोहोंपैकी कोणाचाच नसलेला एक यंत्रबालक त्यांच्यात मध्यस्थी करतो, असे तिचे सूत्र होते. तेव्हा आतोमु हे दुय्यम पात्र होते. १९५२ मध्ये तो नायक झाला आणि 'शोनेन'मध्ये ती मालिका १९६८ पर्यंत चालली. १९५९ ते १९६० ह्या काळात दूरचित्रवाणीवर बालनटाला वेष चढवून एक मालिका झाली. १ जानेवारी १९६३ रोजी चलच्चित्रमालिका सुरू झाली; ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत तिचे १९३ भाग झाले. १९८० व २००३ मध्ये नव्या मालिका आणि २००९ मध्ये संगणकनिर्मित चित्रपट झाला. मूळ चित्रकथेतील १९६४–६५ च्या 'पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य यंत्रमानव' ह्या प्रकरणावरून नाओकी उरासावा ह्यांनी ताकाशी नागासाकी ह्यांच्या सहकार्याने २००३ ते २००९ ह्या काळात 'प्लूटो' ही प्रौढांसाठीची चित्रकथा रचली. तिच्यावरून २०१५ मध्ये रंगभूमीवर प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये आठ भागांची चलच्चित्रमालिका आली.

इतक्या माध्यमांतून फिरलेल्या कृतीविषयी लिहिताना कथा म्हणजे पाणी आणि माध्यम म्हणजे भांडे अशी समजूत आपण नकळत गृहीत धरतो. मग 'मूळ कथेशी प्रामाणिक' किंवा 'मूळ कथेपासून दूर' असे शेरे मारणे तेवढे उरते. भाषेच्या अभ्यासकाला ही समजूत मान्य होण्याजोगी नाही. एका भाषेत व्याकरणाने बोलावेच लागते ते दुसऱ्या भाषेत मुद्दाम प्रयत्न करून सांगावे लागते. माध्यमांचेही तसेच आहे. आतोमु हा 'कोणी' आहे की 'काही' आहे, हा ह्या कथेचा गाभा. आणि नेमकी हीच गोष्ट काही माध्यमांत आपोआप सांगितली जाते, तर काहींत ती सांगण्यासाठी खटाटोप करावा लागतो.

प्रथम शब्दाकडे वळू. 'रोबॉट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक ह्यांच्या 'आर. यू. आर.' ह्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकाने जगाला दिला. तो सुचविला त्यांचे बंधू, चित्रकार योसेफ ह्यांनी. त्याच्या मुळाशी 'रोबोता' हा शब्द आहे व त्याचा अर्थ सक्तीची मजुरी, म्हणजे आपल्याकडील वेठ. अर्थानुसार भाषांतर करावयाचे तर 'रोबॉट' म्हणजे वेठबिगार. हे नाटक १९२३–२४ च्या सुमारास जपानी भाषांतरातून व प्रयोगातून जपानमध्ये पोहोचले तेव्हा त्याला नाव मिळाले 'जिन्झो निन्गेन', अर्थात 'कृत्रिम मनुष्य'. आपला 'यंत्रमानव'ही त्याच जातीचा. ह्या समासाचा विग्रह 'यंत्ररूप मानव' असा कर्मधारय करा किंवा 'यंत्राने घडविलेला मानव' असा मध्यमपदलोपी करा, प्रधान पद 'मानव' हेच राहते. चेक शब्द ह्या प्राण्याचे काम सांगतो. जपानी व मराठी शब्द त्याची जात सांगतात, आणि ती मानवाची ठरवून मोकळे होतात. नामकरणातच खटल्याचा निकाल लागल्यासारखा हा प्रकार आहे. तेझुकांच्या काळापर्यंत जपानीत 'रोबोत्तो' हा उसना शब्द रुळला होता व त्यांनी तोच वापरला. त्यामुळे तो प्रश्न पुन्हा खुला झाला.

जपानी व्याकरणातही हा प्रश्न वारंवार उभा राहतो. 'असणे' ह्या अर्थी जपानीत दोन क्रियापदे आहेत : सजीवांसाठी 'इरु' आणि निर्जीवांसाठी 'आरु'. संख्येबरोबर येणारे गणनावाचक प्रत्ययही निरनिराळे : यंत्रे 'दाइ'ने मोजावयाची, माणसे 'निन्'ने, बाहुल्या, मूर्ती व मानवाकृती यंत्रे 'ताइ'ने. जपानी वक्त्याला 'तेथे सात आहेत' एवढे म्हणण्यापूर्वीही ते सात कोण किंवा काय, ह्याचा निर्णय मनाशी करावा लागतो. मराठीत तो निर्णय कर्माच्या प्रत्ययावर येऊन ठेपतो. तेथेही प्रश्न तोच.

आता चित्राकडे येऊ. तेझुकांच्या पानावर आतोमु पाहावा. डोक्यावर शिंगांसारखी दोन टोके, वाटोळे टपोरे डोळे, उघडे अंग, गुडघ्याच्या खालपर्यंत बूट. छातीचे झाकण उघडले की आत यंत्र. तो यंत्र आहे हे तेझुका मुळीच लपवीत नाहीत. परंतु त्याच पानावरील माणसे पाहिली म्हणजे लक्षात येते, की त्यांचे डोळेही तसेच वाटोळे आहेत आणि त्यांचे अंगही त्याच जाडीच्या, त्याच वळणाच्या रेषेने वेढलेले आहे. प्राध्यापक ओचानोमिझु ह्यांचे ते अवाढव्य नाक कोणत्या जिवंत मनुष्याला असते? तेझुकांनी १९७९ मधील एका मुलाखतीत आपली चित्रे ही चित्रे नसून एक प्रकारची चित्रलिपी आहे, अशा आशयाचे विधान केले आहे. त्या लिपीतील चिन्हे ठरलेली होती. एकच पात्र एखाद्या नटाप्रमाणे त्यांच्या निरनिराळ्या कथांतून निरनिराळ्या भूमिका करी, तेही ह्यामुळेच शक्य झाले. लिपीत 'क' हे अक्षर 'कमळ' शब्दात सजीव आणि 'कपाट' शब्दात निर्जीव होत नाही. तेझुकांच्या पानावर माणूस व यंत्रमानव ह्यांचे नाते असे समलिपीचे आहे. तेथे यंत्रमानवाची बाजू मांडावयास वकील लागत नाही. रेषेने ती आधीच मांडलेली असते. कथेतील माणसे यंत्रमानवांचा छळ करतात तेव्हा तो छळ वाचकाला अन्यायाचा वाटतो, ह्याचे मुख्य कारण संवादांत शोधू नये. पानावर जे एकाच शाईचे आहेत त्यांच्यात कथानकाने पाडलेला भेद वाचकाला पटत नाही.

हे चिन्हरूप शरीर वाढत नाही, हा मुद्दा समीक्षक एइजी ओत्सुका ह्यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात मोठ्या मार्मिकतेने मांडला आहे. डॉ. तेन्मा ह्यांचा मुलगा तोबिओ अपघातात मरण पावतो. त्याच्या जागी ते हुबेहूब यंत्रबालक घडवितात. पण तो वाढत नाही हे ध्यानात येताच त्याला झिडकारतात व सर्कशीत विकून टाकतात. चित्रकथेतील कोणतेही पात्र वाढत नाही; तेव्हा आतोमुचा अपराध म्हणजे चित्रकथेतील पात्र असणे एवढाच, असा ओत्सुका ह्यांच्या विवेचनाचा रोख आहे. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. वाढ न होणे हा दोष फक्त आतोमुच्या माथी मारणे हा त्या कथाविश्वातील ढोंगीपणा आहे. कारण त्याला नावे ठेवणारे तेन्माही त्याच रेषेचे आहेत.

ह्या समलिपीमागे काही अनुभव होता काय? युद्धानंतरच्या काळात अमेरिकन सैनिकांशी बोलताना भाषा न कळल्यामुळे आपल्याला मारहाण झाली व त्या प्रसंगाचा ठसा आपल्या लेखनावर उमटला, असे तेझुकांनी सांगून ठेवले आहे. १९५१ मध्ये जपान अद्याप परकीय अंमलाखाली होता. तो अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला. हिरोशिमा व नागासाकी ह्यांना उणीपुरी सहा वर्षे झाली होती आणि अशा वेळी मुलांच्या मासिकातील एका मुलाचे नाव 'आतोमु', म्हणजे 'अणू' ठेवण्यात आले. पुढे त्याची बहीण 'उरान' झाली व भाऊ 'कोबारुतो', म्हणजे युरेनियम आणि कोबाल्ट. १९६३ मध्ये अमेरिकेसाठी इंग्रजी आवृत्ती करताना 'आतोमु'चा 'ॲस्ट्रो' झाला आणि अणूच्या जागी तारा आला. नामांचे ते सबंध कुटुंब त्यामुळे मोडले. चित्र एका रेषेनेही बदलले नाही, पण एक मोठी जखम दिसेनाशी झाली. माध्यमांतराच्या चर्चेत नावांचा हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणून तो येथे नोंदविला.

१९५९ च्या मालिकेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. यंत्रमानवाच्या जागी वेष घातलेला मुलगा व माणसांच्या जागी माणसे उभी केली की समलिपी मोडते. मग प्रेक्षक 'ला' लावतो तो मुलाला, आतोमुला नव्हे.

१९६३ ची चलच्चित्रमालिका मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. दर आठवड्याला एक भाग तयार करावयाचा, पैसा व मनुष्यबळ तोकडे, अशी अडचण होती. चित्रपटाची फीत सेकंदाला चोवीस चित्रचौकटी पुढे सरकते. तेझुकांच्या चित्रकारांनी एकेक चित्र तीन तीन चौकटी स्थिर ठेवून काम भागविले. बोलताना केवळ ओठ हलतात, बाकी मुद्रा गोठलेली. एकदा काढलेली दृश्ये जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरली जात. ह्या काटकसरीची पुष्कळ निंदा झालेली आहे, आणि कलेच्या दृष्टीने ती अनाठायी नाही. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम आढळतो. 'ॲनिमेशन' ह्या शब्दाच्या मुळाशी 'प्राण' ही कल्पना आहे. येथे प्राण इतका बेताबेताने वाटावा लागला की माणसांच्या वाट्यालाही यंत्राएवढाच आला. मुख्याध्यापक, शास्त्रज्ञ, चोर, पोलीस सारेच थांबत थांबत हलतात. पानावर जी समता रेषेने साधली होती ती पडद्यावर दारिद्र्याने टिकविली.

त्या मालिकेत भर पडली ती ध्वनीची. मात्सुओ ओनो ह्यांनी आतोमुच्या पावलांसाठी एक इलेक्ट्रॉनिक आवाज घडविला. तो बुटांचा आवाज नव्हे आणि लोखंडाचाही नव्हे. आतोमुखेरीज दुसऱ्या कोणाचाच नव्हे. ध्वनिविचाराच्या भाषेत बोलावयाचे तर तो व्यवच्छेदक ध्वनी आहे : बाकी सर्व समान असता एवढ्या एका लक्षणाने आतोमु वेगळा ओळखू येतो. त्याचा आवाज दिला मारी शिमिझु ह्या अभिनेत्रीने. यंत्राचा आवाज म्हणून सपाट, तुटक बोलण्याची जी सवय पुढे जगभर रूढ झाली तिचा येथे लवलेश नाही.

आता 'प्लूटो'. विद्यार्थ्यांचे मत बहुधा असे असते की 'प्लूटो' ही मूळ कथेहून श्रेष्ठ आहे, कारण ती गंभीर आहे. गंभीर ती निःसंशय आहे. जगातील सात बलाढ्य यंत्रमानवांचा एकामागून एक संहार होतो, हे मूळ कथेचे सूत्र उरासावांनी जसेच्या तसे घेतले. परंतु नायकपद आतोमुकडून काढून जर्मन पोलीस अधिकारी गेझिश्ट ह्याच्याकडे दिले. 'गेझिश्ट' ह्या जर्मन शब्दाचा अर्थ चेहरा. मूळ कथेत तो उघडउघड यंत्र दिसतो. उरासावांनी त्याला मध्यमवयीन, थकलेल्या माणसाचा चेहरा दिला, डोळ्यांखाली सुरकुत्या दिल्या, बायको दिली, वाईट स्वप्ने दिली. त्यांचे आतोमु व उरान ही मुलेही रस्त्यावरील कोणत्याही मुलांसारखी आहेत. पर्शिया नावाच्या राज्यावरील युद्धाची पार्श्वभूमी २००३ च्या इराक युद्धाची आठवण देणारी आहे. द्वेष ही यंत्रमानवात उद्भवू शकेल अशी सर्वांत मानवी गोष्ट कोणती काय, हा तिचा प्रश्न आहे, आणि तो पोरकट नव्हे.

प्रस्तुत लेखकाची हरकत वेगळी आहे. गेझिश्टला आपण 'ला' लावतो तो त्याच्या चेहऱ्याला फसून. जे सिद्ध करावयाचे ते चित्रकाराने पहिल्याच पानावर गृहीत धरले. तो माणसासारखा दिसतो म्हणून माणसासारखा वागवावा, असे म्हटल्यास जो तसा दिसत नाही त्याचे काय? वास्तववादी रेषेचा हा तोटा आहे. ती माणूस व वस्तू ह्यांतील भेद इतका तपशिलाने दाखविते, की यंत्रमानवाला एका बाजूला ढकलावेच लागते. तेझुकांच्या रेषेला बाजू घ्यावी लागत नव्हती.

उरासावांना हे ठाऊक नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. 'प्लूटो'च्या पहिल्याच भागात ह्याचा पुरावा सापडतो. एक गस्तीचा यंत्रपोलीस मारला जातो. त्याच्या पत्नीला ती वार्ता सांगण्यासाठी गेझिश्ट तिच्या घरी जातो. ती जुन्या घडणीची, घरकाम करणारी यंत्रस्त्री आहे; चेहरा धातूचा, त्यावर भाव उमटण्याची सोयच नाही. तो दुःखद स्मृती पुसून टाकण्याचे सुचवितो, ती नको म्हणते. उरासावा तो न हलणारा चेहरा चौकटीमागून चौकटीत दाखवितात. चित्रात काहीही बदलत नाही, पण वाचकाला दिसते ते दुःखच. येथे चेहऱ्याची लाच दिलेली नाही. ह्या वाचकाने जो 'ला' लावला तो पूर्णतः त्याच्या पदरचा आहे. २०२३ च्या मालिकेत हाच प्रसंग येतो तेव्हा चेहरा तसाच निश्चल असतो, तथापि तिला बोलावे लागते, आणि कोणत्याही अभिनेत्रीचा आवाज कितीही आवरून धरला तरी त्यात आघात, विराम व श्वास येतातच. दुःख कानाला आयते मिळते. प्रसंग अजूनही हृदयस्पर्शी आहे, परंतु वाचकाने जे काम करावयाचे ते आता नटीने केलेले असते.

दुसरे उदाहरण नॉर्थ क्रमांक दोन ह्या यंत्रमानवाचे. स्कॉटलंडमधील युद्धयंत्र, अंगभर झगा आणि झग्याखाली शस्त्रे. तो पॉल डंकन ह्या अंध संगीतकाराच्या घरी सेवक म्हणून राहतो. यंत्राला संगीत कळणे शक्य नाही म्हणून डंकन त्याला पियानोला हात लावू देत नाही. शेवटी मन वळते, तोच नॉर्थला आकाशात जाऊन प्लूटोशी लढावे लागते व त्यात त्याचा अंत होतो. खाली डंकन आकाशातून येणारे सूर ऐकत राहतो. चित्रकथेच्या पानाला आवाज नाही. डंकनला ऐकू येते पण दिसत नाही. आपल्याला दिसते पण ऐकू येत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी गोष्ट आहे आणि त्या दोन अर्धुकांच्या मध्ये नॉर्थ मरतो. चलच्चित्रात सूर प्रत्यक्ष वाजतात. सूर सुरेल आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त आपण आता डंकनहून अधिक श्रीमंत झालेलो असतो, आणि त्या श्रीमंतीत त्याच्याशी असलेले नाते सुटते. ह्या मालिकेचे निर्माते मासाओ मारुयामा ह्यांनी कारकिर्दीचा आरंभ तेझुकांच्याच चित्रसंस्थेत केला होता. १९६३ च्या दारिद्र्याची त्यांना ओळख होती. २०२३ मध्ये मात्र चित्रे विपुल आहेत, सर्व काही हलते आणि प्राण मुबलक वाटला आहे.

रंगभूमीवरील प्रयोगाची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये नर्तक-दिग्दर्शक सिदी लार्बी शेर्काऊई ह्यांनी टोकिओत 'प्लूटो' बसविले. नाटकात यंत्रमानवाचे काम माणसानेच करावयाचे. ही अडचण चापेकांच्या नाटकापासून चालत आलेली आहे. शेर्काऊई ह्यांनी यंत्रमानव झालेल्या नटांभोवती नर्तक ठेवले व बुनराकु ह्या जपानी बाहुलीनाट्यात सूत्रचालक बाहुली हलवितात त्याप्रमाणे त्या नटांचे हातपाय त्या नर्तकांकरवी हलविले. बुनराकुत मुख्य बाहुलीला तिघे जण हलवितात आणि ते प्रेक्षकांना दिसतही असतात. तरी प्रेक्षक रडतो तो बाहुलीसाठी. (आपल्याकडे 'सूत्रधार' शब्दावरून संस्कृत नाटकाचा उगम बाहुल्यांच्या खेळात शोधण्याचा यत्न पिशेल ह्यांनी केला होता. तो मान्य होवो न होवो, कल्पना ह्या संदर्भात आठवते खरी.) सर्व माध्यमांतरांत तेझुकांच्या रेषेच्या सर्वांत जवळ जाणारी युक्ती हीच होय. ती यंत्रत्व लपवीत नाही आणि तरीही 'कोणी' उभा करते.

चित्रकथा हे बालवाङ्मय म्हणून आपल्या विभागांतून अभ्यासविषय होत नाही, आणि झाला तर 'प्लूटो'सारख्या प्रौढ कृतीच्या निमित्ताने होतो; जणू आतोमुला मोठे झाल्याखेरीज प्रवेश नाही. तेन्मा ह्यांची अटही हीच होती.

अलीकडे बोलणाऱ्या संगणकांविषयी 'मी त्याला विचारले' असे विद्यार्थी सर्रास म्हणतात, आणि यंत्राला व्यक्तित्व मिळाल्याचा पुरावा म्हणून हे वाक्य पुढे केले जाते. ते साफ चूक आहे. 'विचारणे' ह्या क्रियापदाला ज्याला विचारावयाचे त्याचा 'ला' अनिवार्य आहे. 'मी भिंतीला विचारले' हेही व्याकरणशुद्ध आहे. खरी कसोटी 'पाहणे', 'आणणे', 'टाकणे', 'विकणे' अशा क्रियापदांपाशी लागते, जेथे बोलणाऱ्याला निवड असते.

'तेत्सुवान आतोमु'चे मराठी भाषांतर करणाऱ्यापुढे ती निवड अगदी आरंभीच येईल. सर्कशीच्या प्रसंगी 'तेन्माने यंत्रमानव विकला' असे लिहिले तर तो एक व्यवहार होतो. विक्रेता, वस्तू, किंमत, आणि 'विकला' हे क्रियापद वस्तूच्या लिंगवचनाशी जुळवून घेते. परंतु ह्या यंत्राला तेन्मा तोबिओ म्हणूनच वाढवू पाहत होता, आणि मराठीत व्यक्तीच्या विशेषनामाला 'ला' टाळणे जवळजवळ अशक्य आहे. 'तेन्माने तोबिओ विकला' हे वाक्य मराठी कान स्वीकारीत नाही. तेथे 'तोबिओला विकले' असेच म्हणावे लागेल, आणि मग क्रियापद कोणाशीही जुळणार नाही.